व्हिसा नाकारला, अपील कुठे करायचं? ब्रिटनने काढून घेतलेल्या एका हक्काचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणी इंग्लंडला शिकायला निघालंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी सवडीने वाचली तरी चालेल.

सप्टेंबरचं इनटेक जवळ आलं की आपल्याकडच्या पत्रकाराला एक प्रश्न हमखास येतो. पोराचा यूकेचा व्हिसा नाकारला, एजंट म्हणतो अपील टाकू, त्याचे वेगळे पैसे लागतील, टाकावं का? मागे शेतीवर कर्ज असतं, नाहीतर सोसायटीची एफडी मोडलेली असते. पाहुण्यांत पेढे वाटून झालेले असतात. त्यामुळे 'अपील' हा शब्द ऐकला की माणसाला धीर येतो. कोर्टात जाऊ, कागद दाखवू, कुणीतरी ऐकेल.

तर सरळ सांगतो. भारतातून अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला ब्रिटनचा व्हिसा नाकारला गेला तर नेहमीच्या अर्थाने अपील आज नाही. आहे त्याला 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू' म्हणतात. बारावीच्या निकालानंतर गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यात जो फरक असतो, तोच इथे समजा. गुणपडताळणीत बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात, उत्तर कसं होतं यावर कुणी पुन्हा डोकं लावत नाही. रिव्ह्यूही तसाच, आणि तोही ज्यांनी नाकारलं त्याच खात्याचा. बाहेरचा न्यायाधीश नाही, तोंडी सुनावणी नाही, नवीन कागद जोडायची सोय नाही. २८ दिवसांत ८० पौंड भरून ऑनलाइन अर्ज करायचा आणि वाट बघायची.

हे नेहमीच असं नव्हतं. चाळीस वर्षांच्या आसपास हा हक्क होता, आणि तो एका फटक्यात गेला नाही. थोडा थोडा करून, प्रत्येक वेळी पटेल असं कारण देऊन काढून घेतला. ती कारणं बघण्यासारखी आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या राज्यात इथून लंडनला शिकायला जाणारा मुलगा कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता. त्याला व्हिसा लागत नव्हता. अडवणूक व्हायची ती कॉलेजच्या दारात. १९०७ मध्ये ली-वॉर्नर समिती भारतीय विद्यार्थ्यांची चौकशी करायला बसली आणि तिच्यामागोमाग लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी माहिती केंद्र निघालं. नाव मदतीचं, पण हे लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी विद्यार्थ्यांची उघड तक्रार होती. सावरकर परीक्षा पास झाले होते, तरी १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करून घ्यायला नकार दिला. देशात यायला परवानगी होती आणि संस्थेच्या यादीत नाव चढवायला नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण या नजरेने क्वचित बघितलं जातं. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. येताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी मिळवली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये, असं करत १९२० मध्ये मुदत संपायच्या आत ते लंडनला पोहोचले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. त्यांना घड्याळ लावलं होतं ते विद्यापीठाने. पैसे कुणाचे, किती दिवस खात्यात होते, परत जाणार की नाही, हे कुठल्या व्हिसा अधिकाऱ्याने विचारलं नाही. आज तेच पाच हजार मित्राकडून काल खात्यात आले असते तर त्यांना २८ दिवस थांबावं लागलं असतं, आणि वर पैशाचा उगम सांगावा लागला असता.

आता कायद्याकडे येतो. १९६२ मध्ये ब्रिटनने कॉमनवेल्थ देशांतल्या लोकांवर पहिल्यांदा निर्बंध घातले. त्या कायद्यातही विद्यार्थ्याला वेगळी जागा होती. पूर्ण वेळ किंवा वेळेचा मोठा भाग जाईल अशा अभ्यासक्रमासाठी आलोय, एवढं अधिकाऱ्याला पटलं की त्याने अडवायचं नाही. आजच्या सगळ्या प्रवेशाच्या अटींचं मूळ या एका ओळीत आहे. पण नाही पटलं तर? तर काही नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा.

यावर बराच आरडाओरडा झाला आणि सर रॉय विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६७ मध्ये तिचा अहवाल आला. माणसाचं अख्खं भवितव्य ठरवणारा निर्णय सरकारी अधिकारी घेणार आणि त्यावर दाद मागायला जागाच नसणार, हे कायद्याच्या राज्यात बसत नाही, असा त्याचा सारांश. बहुतेक अधिकारी प्रामाणिक आहेत हे समितीने नाकारलं नाही. मुद्दा वेगळा होता. न्याय झाला असेलही, पण ज्याला नाकारलं त्याला तो झालेला दिसला पाहिजे.

त्यातून १९६९ चा इमिग्रेशन अपील्स ॲक्ट आला. आधी ॲडज्युडिकेटर, त्याच्यावर ट्रिब्युनल. १९७१ च्या कायद्याने ही व्यवस्था पुढे चालू ठेवली. मुंबईतल्या ब्रिटिश कार्यालयाने नाकारलं तर कोल्हापूरचा मुलगा लंडनमधल्या ॲडज्युडिकेटरकडे अपील करू शकत होता. अधिकाऱ्याला नकाराची कारणं लेखी खुलासा करून पाठवावी लागत. अपील करणारा स्वतः हजर राहू शकायचा नाही, कारण त्याला तर देशात यायचीच परवानगी नव्हती. त्याच्या वतीने तिथला नातेवाईक किंवा एखादी सल्ला देणारी संस्था बोलायची.

जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. अपिलाला महिने लागायचे आणि कॉलेज ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन जायचं. जिंकलेल्या मुलाच्या हातात निकाल यायचा तेव्हा वर्ग अर्धा शिकून झालेला असायचा. पण खुलासा लिहावा लागतो म्हटल्यावर अधिकारी नकार देताना दोनदा विचार करतो. आपल्याकडे माहिती अधिकार आल्यावर टेबलावरच्या शेऱ्यांची भाषा कशी बदलली ते आठवा.

याच काळात दुसरीकडे फीचं गणित बदलत होतं. परदेशी विद्यार्थ्यांची फी १९६७ पासून वेगळी आणि जास्त झाली. थॅचर सरकारने १९८० पासून त्यांच्याकडून पूर्ण खर्च वसूल करायचं ठरवलं. तेव्हापासून परदेशी विद्यार्थी हा ब्रिटिश विद्यापीठांच्या उत्पन्नाचा भाग झाला. एका खात्याला तो हवा होता आणि दुसऱ्या खात्याला त्याचा संशय होता. आजचा सगळा गोंधळ या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीयांना ब्रिटनला जाण्यासाठी आधीच व्हिसा घेणं सक्तीचं झालं. तोवर विद्यार्थी थेट हीथ्रोला उतरून प्रवेशपत्र दाखवू शकत होता. नियम लागू व्हायच्या आधीच्या दिवसांत तिथे अशी झुंबड उडाली की लोकांना विमानतळावर ताटकळावं लागलं. यानंतर 'नाही' म्हणायची जागा लंडनहून मुंबई-दिल्लीत आली, म्हणजे तिथल्या वकिलांच्या आणि खासदारांच्या नजरेपासून हजारो मैल लांब.

पहिली कात्री लागली १९९३ मध्ये, आणि ती नेमकी प्रवेशाच्या अटीला धरून होती. त्या वर्षीच्या कायद्याने तीन प्रकारच्या लोकांचा अपिलाचा हक्क काढला. पर्यटक, सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमाला जाणारे, आणि शिकायला जायचंय पण अजून कुठे प्रवेश पक्का नाही असे. म्हणजे लांबचा अभ्यासक्रम आणि कॉलेजचं पक्कं पत्र असेल तरच तुमचं कुणी ऐकणार. कारण दिलं गेलं अपिलांच्या ढिगाऱ्याचं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

दुसरी कात्री खरी मोठी. २००६ च्या कायद्यात एक कलम होतं, त्याने परदेशातून केलेल्या बहुतेक व्हिसा अर्जांवरचं अपील बंद करायची वाट मोकळी केली. पॉइंट्सची नवी पद्धत येईल तसं ते लागू होणार होतं. विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत ३१ मार्च २००९ ला सुरू झाली आणि तिला 'टियर फोर' म्हणायचे. मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र असेल तर इतके गुण, ठरलेले पैसे खात्यात असतील तर इतके गुण. गुण भरले की व्हिसा, नाही भरले की नकार. सरकारचा युक्तिवाद असा होता की आता अधिकाऱ्याच्या मर्जीला जागाच उरली नाही. सगळं कागदावर मोजलं जाणार, मग न्यायाधीश हवा कशाला? बेरीज चुकली तर आम्हीच तपासून देऊ. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यूचा जन्म हा असा.

हा युक्तिवाद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोजमापाची पद्धत कशी चालली? पैशाचा नियम घ्या. फीची उरलेली रक्कम आणि राहण्याचा ठरलेला खर्च सलग २८ दिवस खात्यात हवा. सत्तावीस दिवस असला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शिल्लक थोडी खाली गेली तरी नकार. आपल्याकडे व्हिसासाठी पैसे जमवताना मामाचे आज आले, चुलत्याचे पुढच्या आठवड्यात आले, मध्येच दवाखान्यासाठी दहा हजार काढले, असंच चालतं. पोरगं हुशार आहे, प्रवेश आहे, पैसेही आहेत, पण तारखा जुळल्या नाहीत. अपिलाच्या काळात ॲडज्युडिकेटरसमोर हे समजावून सांगता आलं असतं, रिव्ह्यूत नाही.

२०१० मध्ये अशाच एका शिल्लकेच्या नियमाचं प्रकरण अपील न्यायालयात गेलं. शिक्षण झाल्यावर तिथेच नोकरीसाठी थांबू इच्छिणाऱ्यांना ८०० पौंड तीन महिने खात्यात ठेवायची अट होती. पण 'तीन महिने' हे शब्द संसदेपुढे ठेवलेल्या नियमांत नव्हतेच, खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत होते. न्यायालय म्हणालं, असं चालणार नाही. पुढे सरकारने अशा अटी नियमांतच लिहून टाकल्या. पण लक्षात घ्या, हे लढता आलं कारण ती मंडळी ब्रिटनच्या आत होती आणि आतल्यांचं अपील तेव्हा शाबूत होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीपासून उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून विद्यार्थी व्हिसाचे अर्ज घेणंच काही काळ थांबवलं गेलं. अर्जांचा लोंढा आला होता आणि त्यात बनावट कॉलेजांचे कागद घेऊन निघालेलेही होते. हेही सांगितलं पाहिजे. लंडनमध्ये दोन खोल्यांत चालणारी, फी घेऊन पत्र देणारी 'कॉलेजं' होती. आपल्याकडची पोरंही त्यात अडकली, काही फसवली गेली म्हणून आणि काही समजून उमजून. पुढच्या काही वर्षांत अशा शेकडो संस्थांचे परवाने गेले.

आता तो युक्तिवाद आठवा. अधिकाऱ्याची मर्जी संपली, म्हणून अपील नको.

२०११-१२ च्या हिवाळ्यात ब्रिटिश गृहखात्याने दोन हजारांहून जास्त अर्जदारांच्या मुलाखतींचा प्रयोग केला. ३० जुलै २०१२ पासून नियमात नवी अट आली. अर्जदार 'खरा विद्यार्थी' आहे याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. त्या डिसेंबरात गृहमंत्री थेरेसा मे यांनी वर्षाला लाखाहून जास्त मुलाखती घेऊ असं जाहीर केलं. म्हणजे गुण पूर्ण, पैसे पूर्ण, कॉलेजचं पत्र हातात, आणि तरी समोरच्याला वाटलं की हा काही खरा शिकणारा दिसत नाही, तर नकार. हाच विषय का, हेच विद्यापीठ का, भारतात हा कोर्स स्वस्त असताना तिथे का, हे प्रश्न तेव्हापासून सुरू झाले. बुजलेल्या, पहिल्यांदा इंग्रजीत मुलाखत देणाऱ्या तालुक्याच्या पोराला ते कसे जात असतील, विचार करा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. मर्जी गेली म्हणून अपील काढलं, चार वर्षांच्या आत मर्जी परत आणली, अपील काही परत आणलं नाही. 'खरा विद्यार्थी वाटत नाही' या मतावर गुणपडताळणी काय करणार? बेरीज करायला तिथे आकडाच नाही.

उरलेला भाग झपाट्याने गेला. तिथल्या नातेवाइकांना भेटायला जाण्यासाठी व्हिसा मागणाऱ्यांना अपील होतं, ते २०१३ मध्ये गेलं. मुलीच्या पदवीदानाला जायचं म्हणून व्हिसा मागणाऱ्या आईबापांना नकार आला तरी दाद नाही. मग २०१४ चा इमिग्रेशन ॲक्ट. त्याने ब्रिटनमध्ये राहून मुदत वाढवणाऱ्या विद्यार्थ्यांचंही अपील काढलं. टियर फोरवाल्यांवर तो ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला, बाकीच्यांवर एप्रिल २०१५ पर्यंत. मानवी हक्क आणि आश्रय यांसारखी मोजकी कारणं तेवढी राहिली.

अपील नसलं की काय होतं याचं जितंजागतं उदाहरण त्याच वर्षी घडलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने 'टोइक' या इंग्रजी परीक्षेतली कॉपी उघड केली. काही केंद्रांवर दुसरेच लोक परीक्षा देत होते. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने आवाजाच्या नोंदी तपासून ३३ हजारांहून जास्त निकाल अवैध आणि २२ हजारांहून जास्त संशयास्पद ठरवले. गृहखात्याने धडाधड व्हिसे रद्द केले, वर्गात बसलेली पोरं अटकेत गेली. आणि अनेकांना सांगितलं गेलं की आधी देश सोडा, मग बाहेरून अपील करा. भारतातलेही विद्यार्थी यात मोठ्या संख्येने होते. गावाकडे येऊन आईबापांना काय सांगणार? व्हिसा रद्द झाला म्हणजे पोराने काहीतरी केलंच असेल, एवढंच लोकांना कळतं.

२०१६ मध्ये ट्रिब्युनलने एका प्रकरणात खात्याला आरोप सिद्ध करता आला नाही असं म्हटलं. २०१७ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने सांगितलं की ज्याला स्वतःचा खरेपणा तोंडी साक्षीतून पटवायचाय, त्याला देशाबाहेरून अपील करायला लावणं म्हणजे पुरेशी दाद नव्हे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाने अहवाल दिला. तोवर किमान ११ हजार लोक देश सोडून गेले होते, आणि साडेतीन हजारांहून जास्त लोक ट्रिब्युनलमध्ये जिंकले होते. उलट बाजूही सांगतो. २०२२ मध्ये ट्रिब्युनलने खात्याचा पुरावा एकंदरीत भक्कम आहे असंही म्हटलं. फसवणूक झाली होती, यात वाद नाही. पण कोण खरा आणि कोण खोटा हे माणूस समोर बसवून ऐकल्यावरच कळलं, आणि ज्यांना ऐकलं गेलं त्यांच्यातलेच हजारो जिंकले. बाकीच्यांचं काय असेल, तुम्हीच ठरवा.

आता प्रवेशाच्या अटीकडे परत. १९६२ मध्ये ती विद्यार्थ्यावर होती, २००९ नंतर ती कॉलेजवर आली. विद्यापीठ आता 'स्पॉन्सर' झालं. तेच 'कॅस' नावाचा क्रमांक देतं आणि त्याशिवाय अर्जच होत नाही. मुलगा आला नाही, नावनोंदणी केली नाही, वर्गाला दांड्या मारतोय, हे सगळं विद्यापीठाने गृहखात्याला कळवायचं. न कळवल्यास परवाना धोक्यात. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीचा परवाना रद्द झाला तेव्हा दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांना दुसरी संस्था शोधा, नाहीतर परत जा, असं सांगितलं गेलं. त्यासाठी ६० दिवसांची मुदत होती. न्यायालयामुळे आधीपासून शिकणाऱ्या बऱ्याच जणांना थांबता आलं आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाला परवाना परतही मिळाला. पण बाकीच्या विद्यापीठांनी जो धडा घ्यायचा तो घेतला.

कारण विद्यापीठांचीही दरवर्षी परीक्षा होते. त्यांनी पाठवलेल्या अर्जांत नकाराचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत हवं असायचं. २०१४ च्या आधी ते २० होतं. व्हिसा मिळालेल्यांपैकी ९० टक्क्यांनी नावनोंदणी आणि ८५ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण करणं आवश्यक होतं. २०२५ च्या श्वेतपत्रिकेत हे आणखी आवळून ५, ९५ आणि ९० करायचं मांडलं गेलं. याचा अर्थ समजून घ्या. तुमच्या मुलाला मिळालेला नकार हा विद्यापीठाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून विद्यापीठच आधी मुलाखत घेतं, बँकेचे कागद मागतं, भरमसाट अनामत मागतं आणि शंका आली तर कॅस देतच नाही. तो नकार कुठल्याही सरकारी यादीत येत नाही, आणि त्यावर तर रिव्ह्यूही नाही. १९०९ मधलं कॉलेजचं दार पुन्हा तिथेच आलंय, फक्त या वेळी किल्ली गृहखात्याच्या खिशात आहे.

ज्यांचं प्रकरण आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. नकाराचं पत्र नीट वाचा, त्यात कारण नियमाच्या क्रमांकासकट दिलेलं असतं. अधिकाऱ्याने तुमच्या अर्जातच असलेला कागद बघितला नाही किंवा आकडा चुकीचा वाचला असेल तर रिव्ह्यू करा, ८० पौंड वाया जाणार नाहीत, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर ते परत मिळतात. कागद जोडायचाच राहिला होता, तर रिव्ह्यूचा उपयोग नाही, नवीन अर्जच करावा लागेल. त्याला नवीन कॅस लागतो, कारण एक कॅस एकदाच वापरता येतो. म्हणून पहिला मेल त्याच दिवशी विद्यापीठाला करा आणि विचारा, उशिरात उशिरा कोणत्या तारखेला हजर राहिलं तर चालेल, आणि प्रवेश पुढच्या इनटेकला ढकलता येईल का. रिव्ह्यू जिंकूनही तारीख गेली असेल तर तो निकाल घेऊन करायचं काय? अप्पर ट्रिब्युनलमध्ये न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग उरतो, पण तो तिथल्या वकिलाच्या फीचा मार्ग आहे, तालुक्याच्या एजंटच्या आवाक्यातला नाही.

आणि एजंट 'अपील' म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या ट्रिब्युनलमध्ये आणि कुठल्या कलमाखाली. उत्तर लेखी मागा, पैसे त्यानंतर.